जबाब आणि शोक

रुग्णसेवेत अघटित घडल्यावर परिचारिका स्वतःला कशी सावरते, याचा विचार भंडारा जिल्ह्यात करायचा तर तो एका तारखेपासूनच सुरू होतो. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री, दीड-दोनच्या सुमारास, भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशू काळजी कक्षाला, म्हणजे सगळे ज्याला एसएनसीयू म्हणतात त्या कक्षाला, आग लागली. आत १७ बाळे होती. ड्युटीवरच्या परिचारिकेला कक्षातून धूर येताना दिसला आणि धावाधाव सुरू झाली. ७ बाळे बाहेर काढता आली, १० गेली. त्यांतली तीन भाजून आणि सात धुरात गुदमरून दगावल्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले. वाचलेली बाळे ‘इनबॉर्न’ विभागातली होती, म्हणजे त्याच रुग्णालयात जन्मलेली. आग ‘आउटबॉर्न’ विभागात लागली होती. बाहेर जन्मलेली, ग्रामीण रुग्णालयांतून, आरोग्य केंद्रांतून किंवा खासगी दवाखान्यांतून पाठवलेली बाळे या विभागात असतात. जंतुसंसर्ग पसरू नये म्हणून त्यांना वेगळे ठेवण्याची पद्धत आहे.

या शेवटच्या तपशिलाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येक बाळामागे रेफर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीमागे एखादी परिचारिका, एएनएम किंवा आशा असते. ‘मोठ्या दवाखान्यात नेले की जगेल’ असे तिने आईला सांगितलेले असते, कधीकधी नको म्हणणाऱ्या आजीची समजूतही घातलेली असते. दुर्घटनेची झळ बसलेल्यांची यादी करताना कक्षातल्या कर्मचाऱ्यांपाशी थांबण्याची सवय आहे. ही पाठवणारी माणसे तिच्यात कधी येत नाहीत.

दहा घरांच्या दुःखाशी परिचारिकेच्या दुःखाची तुलना करण्याचे कारण नाही. ते दुःख पहिले आणि मोठे आहे, ही गोष्ट एकदा स्पष्ट झाली की दुसऱ्याबद्दल बोलता येते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलेल्या लेखात, उपचारातील चुकीनंतर रुग्णापाठोपाठ होरपळणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘दुसरा बळी’ म्हटले. २०१९ साली त्याच नियतकालिकात, उपचारांत आपली माणसे गमावलेल्या कुटुंबीयांच्या बाजूने या शब्दाला विरोध झाला: ज्यांच्या हातून हानी झाली त्यांनी स्वतःला बळी म्हणवून घेऊ नये. हा आक्षेप रास्त आहे. शब्द सोडून दिला तरी वू यांनी दाखवलेली अवस्था मात्र उरतेच.

मोठी आग वर्तमानपत्रात येते. परिचारिकेला पोखरणारे प्रसंग बहुतेक लहान असतात आणि वॉर्डाबाहेर जात नाहीत. दूध पाजल्यानंतर बाळाच्या श्वासनलिकेत दूध जाते. सलाईन शिरेबाहेर जाऊन चिमुकला हात सुजतो आणि कातडी काळी पडते. नवजात बाळाचा डोस ‘पॉइंट एक’ मिलिलिटर असा असतो. औषध भरताना दशांश चिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. प्रसूतीनंतर एका बाईचा रक्तस्राव वाढत असतो, त्याच वेळी दुसरी टेबलावर असते आणि दोघींना मिळून सिस्टर एकच असते. यांतले काही प्रसंग चुकीचे असतात, काही नशिबाचे, आणि पुष्कळ वेळा दोन्हींच्या मधले. जिच्या हातात सिरिंज होती तिला हा फरक सुरुवातीला कळत नाही. तिला सगळे आपल्याच हातून झाले असे वाटते.

पहिले काही तास वेगळ्याच तंद्रीत जातात. वॉर्डात इतर रुग्ण असतात, इंजेक्शनच्या वेळा असतात, रजिस्टर पूर्ण करायचे असते. ते ती करते, आणि पुष्कळदा नेहमीपेक्षा नीट करते. मृतदेह स्वच्छ करणे, हातावरची पट्टी तपासणे, तो नातेवाइकांच्या हवाली करणे हे परिचारिकेचेच काम आहे. एसएनसीयूत ते फार जड जाते. त्या बाळांना अजून नाव नसते. केसपेपरवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, एवढीच त्यांची ओळख. ती आई दर दोन-तीन तासांनी दूध पाजायला येऊन गेलेली असते, आठ-दहा दिवसांत सिस्टरला ती माहेर-सासरसकट माहीत झालेली असते. मृत्यूची बातमी सांगण्याचे काम नियमाने डॉक्टरांचे. पण दारात उभी असलेली आई विचारते ती सिस्टरलाच.

रडू येते ते घरी गेल्यावर, किंवा येतच नाही. मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयातील परिचारिका सुसान स्कॉट आणि सहकाऱ्यांनी अशा प्रसंगांतून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेऊन २००९ साली सावरण्याच्या वाटेवरचे सहा टप्पे मांडले. आधी गोंधळ. मग तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे. मग सहकाऱ्यांमधली पत परत मिळवण्याची धडपड. मग चौकशीला तोंड देणे, मनाला पहिला आधार शोधणे आणि अखेर पुढे जाणे. पुढे जाण्याच्याही तीन तऱ्हा त्यांनी सांगितल्या: काहीजण ते काम सोडतात, काही कसेबसे तगतात, काही त्यातून अधिक चांगले काम करू लागतात.

अनुभवाला हे टप्पे पटतात, क्रम मात्र तसाच राहत नाही. सरकारी रुग्णालयात चौकशी चौथ्या क्रमांकावर येण्याची वाट पाहत नाही. ती सकाळीच दारात उभी असते. नाईट संपवून निघालेल्या सिस्टरला थांबवले जाते, कागद पुढे केला जातो आणि ‘घडलेली हकीकत लिहून द्या’ असे सांगितले जाते. मग मेमो, त्यावर खुलासा, मग समिती, समितीपुढे तोंडी जबाब, आणि प्रकरण वाढले तर पोलिसांपुढे पुन्हा जबाब. मन अजून गोंधळलेले असताना तिला घड्याळाच्या काट्याप्रमाणे हकीकत द्यावी लागते. धक्क्यात असलेल्या माणसाला वेळेचा अंदाज नीट राहत नाही, प्रसंगांचा क्रम बदलतो, मधलेच काही आठवत नाही. दोन खुलाशांत पाच मिनिटांचा फरक पडला की तो खोटेपणा ठरतो.

तिच्या सावरण्यातली खरी अडचण येथे आहे. शोक करायला बोलावे लागते, आणि आता तिचे प्रत्येक बोलणे जबाब असते. ‘मी दोन मिनिटं आधी गेले असते तर’ हे वाक्य कुठल्याही दुःखी माणसाच्या तोंडी येते. आजारी वडिलांच्या उशाशी बसलेला मुलगाही असेच म्हणतो. परिचारिकेने ते चहाच्या टपरीवर म्हटले तर उद्या ती कबुली म्हणून पुढे येऊ शकते. वकील सांगतो, कुणाशी बोलू नका. संघटनेचे पदाधिकारी सांगतात, लेखी काही देऊ नका. वरिष्ठ सांगतात, माध्यमांशी बोलू नका. प्रत्येकाचा सल्ला आपापल्या जागी बरोबर असतो, पण तिन्ही मिळून तिचे तोंड बंद होते. मेलेल्या बाळाच्या आईची क्षमा मागावीशी वाटली तरी ते सर्वांत धोक्याचे. म्हणून काही परिचारिका वर्षानुवर्षे त्या गावाकडे जाणारी एसटी टाळतात.

भंडाऱ्यात हे सगळे टोकाला गेले. तत्कालीन विभागीय आयुक्त संजीव कुमार यांच्या समितीचा अहवाल जानेवारीतच आला. रेडियंट वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमधून आग सुरू झाल्याचा निष्कर्ष त्यात होता. जिल्हा शल्यचिकित्सक, एक वैद्यकीय अधिकारी आणि कक्षाच्या इन्चार्ज सिस्टर निलंबित झाल्या. कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिका यांची सेवा थेट समाप्त झाली. पुढच्या महिन्यात दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला आणि परिचारिकांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला. त्या रात्री कोण कुठे होते आणि कोणाचे काय चुकले, हा न्यायालयाचा विषय आहे. येथे लक्षात घ्यायची ती कारवाईची उतरंड. निलंबित माणसाला निर्वाहभत्ता मिळतो, खातेनिहाय चौकशीत बाजू मांडता येते, निर्दोष ठरल्यास जुन्या खुर्चीवर परत बसता येते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी परिचारिकेला यांतले काहीच नाही. तिचा करार संपतो. त्याबरोबर पगार जातो, सहकारी जातात, आणि जिथे पुन्हा उभे राहून हात स्थिर झाले असते तो वॉर्डही जातो. दोघींचे दुःख एक आणि सावरण्याची साधने मात्र नेमणुकीच्या आदेशाप्रमाणे वेगळी, हे कुठल्याही परदेशी संशोधनात सापडणार नाही.

हे प्रकरण एकटे नव्हते. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, तेथेही वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिकांना अटक झाली. भंडाऱ्याच्या आगीला महिना व्हायच्या आत, ३१ जानेवारीला, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात १२ मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुले वाचली. कारवाई आरोग्य कर्मचाऱ्यांवर झाली. लशीच्या आणि सॅनिटायझरच्या बाटल्या एकाच टेबलावर शेजारी शेजारी कशा आल्या, हा प्रश्न मागे पडला. मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी आयुष्यभर हेच सांगितले की मोठ्या अपघातात शेवटचा हात ज्याचा लागतो तो साखळीतला शेवटचा दुवा असतो, आधीचे दुवे यंत्राच्या देखभालीत, मनुष्यबळात आणि कार्यालयीन निर्णयांत असतात. परिचारिका जवळजवळ नेहमीच शेवटचा दुवा असते, कारण रुग्णाला हात लावणारी तीच.

कायद्याची रचनाही तिच्या भीतीत भर घालते. २००५ च्या जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवर फौजदारी गुन्हा नोंदवताना घोर निष्काळजीपणाची कसोटी घालून दिली. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे; नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून उपचार करताना तो झाला तर दोन वर्षांपर्यंत. हा व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर. परिचारिकेची नोंदणी परिचर्या परिषदेकडे असते. म्हणजे एकाच टेबलाभोवती उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला कलमाचा सौम्य भाग आणि दुसरीला कडक भाग, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. परदेशातही ही भीती आहे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या रुग्णालयात २०१७ च्या डिसेंबरात झोपेच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध दिले गेले आणि रुग्ण दगावली. संबंधित परिचारिकेने चूक लगेच सांगितली होती. तरी २०२२ साली तिला फौजदारी खटल्यात दोषी ठरवले गेले, शिक्षा तीन वर्षांच्या परिवीक्षेची झाली. त्यानंतर तिकडच्या परिचारिकांनी उघड विचारले की मग चूक सांगायची कशाला?

अशा परिस्थितीत परिचारिका जे करतात त्याला सावरणे म्हणावे की झाकणे, हे बाहेरून ठरवता येत नाही. सर्वांत जुना उपाय कामाचाच. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास करून मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी १९६० च्या सुमारास दाखवले की परिचर्येतले कितीतरी शिरस्ते मुळात भीती आवरण्यासाठी असतात. रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या नंबराने ओळखणे, काम तुकड्यातुकड्यांत वाटून घेणे, एकच गोष्ट तिघींनी तपासणे. ‘सात नंबरचं सलाईन संपलं’ हे वाक्य तुमसर-साकोलीपासून मुंबईपर्यंत कुठल्याही वॉर्डात ऐकू येते. त्यात रुक्षपणा आहे, पण सात नंबरमधले माणूस रोज पूर्ण पाहिले तर महिनाभरही नोकरी होणार नाही, हेही खरे.

अघटितानंतर हे शिरस्ते दुप्पट होतात. अॅम्प्युलवरचे नाव तीनदा वाचले जाते. वॉर्मरचा प्लग हात लावून पाहिला जातो, दहा मिनिटांनी पुन्हा. मॉनिटरचा अलार्म घरी पातेले वाजले तरी ऐकू येतो. एखादी ड्युटीला अर्धा तास आधी येते, हँडओव्हर झाल्यावरही निघत नाही. वरिष्ठांना हा मेहनतीपणा वाटतो आणि त्याचे कौतुक होते. ती अतिदक्षता भीतीतून आलेली असते आणि काही महिन्यांत माणसाला थकवते. उलट बाजूही असते. ती खाट नको, तो कक्षच नको, ओपीडी द्या किंवा लसीकरण द्या, अशी विनंती येते. बदली मिळाली की तक्रार मिटली असे कार्यालय समजते.

मैत्रिणींचा आधार मोठा, आणि तो बहुधा न मागता मिळतो. दुसरी आपली नाईट बदलून देते, तिसरी डबा आणते, जुनी परिसेविका ‘माझ्या वेळी असं झालं होतं’ म्हणून वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. या शेवटच्या गोष्टीला मोल आहे. एवढे होऊनही ही बाई अजून इथे आहे, आणि चांगली सिस्टर आहे, हे समोर दिसते. पण चौकशी लागली की हा आधारही आटतो. साक्षीदार होण्याच्या धास्तीने मैत्रिणी लांब राहतात, चेंजिंग रूममध्ये ती आली की बोलणे थांबते. घरी सांगावे तर सासरच्यांना पेपरातली बातमी आधीच कळलेली असते. ज्यांच्या घरी तान्हे मूल आहे त्यांचे हाल वेगळे: काहींना आपल्या बाळाला उचलवत नाही, काहींना क्षणभरही खाली ठेववत नाही. व्रते, नवस, गुरुवारचे उपास वाढतात. मानसशास्त्राची पुस्तके याला फार जागा देत नाहीत, पण ज्या अपराधभावाला कायद्यात माफीचा रस्ता नाही त्याला देवळात निदान एक दार असते.

औपचारिक मदत कागदावर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी जिल्हा रुग्णालयात चालते, आणि तीच तिची अडचण. ज्या खिडकीवर केसपेपर काढायचा तिथला कारकून सिस्टरला नावाने ओळखतो, रांगेत तिचेच रुग्ण असतात. नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, पण तिकडे जायचे तर रजा आणि रजेला कारण द्यावे लागते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर नाव न सांगता बोलता येते. नाईटवरून परतलेल्या परिचारिकेला ही सोय खरोखर उपयोगी आहे, आणि वॉर्डात ती रुग्णांसाठी म्हणून भिंतीवर लावलेली असते. आपण तो क्रमांक फिरवायचा असतो हे सिस्टरला कुणी सांगत नाही.

आणखी एक उत्साही प्रकार टाळलेला बरा. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एका खोलीत बसवून काय वाटले ते बोलायला लावायचे, असे एकदाचे सक्तीचे सत्र मानसिक इजा रोखत नाही, काहींना त्याने त्रासच होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या मार्गदर्शिकेत त्याऐवजी प्राथमिक मानसिक आधाराची साधी रीत सांगितली: पाहा, ऐका, जोडून द्या. गरज काय आहे ते पाहायचे, बोलायचे असेल तर ऐकायचे, हवी ती माणसे आणि सोयी गाठून द्यायच्या. पाणी, बसायला जागा, घरी सोडायला गाडी, उद्याची ड्युटी दुसऱ्याला. पहिल्या रात्री इतके पुरते. पुढच्या आठवड्यात लागते ती माहिती: चौकशी कोण करणार, कधी, तिला काय विचारणार, कोणाला सोबत नेता येईल. अनिश्चिततेने जितकी झोप उडते तितकी शिक्षेनेही उडत नाही.

कारण शोधणे आणि दोष ठरवणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची रीत आपल्या आरोग्यव्यवस्थेला अगदीच परकी नाही. मातामृत्यूंच्या अन्वेषणाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ‘नाव नाही, दोष नाही’ हे तत्त्व लिहिलेले आहे. मृत्यू कशाने झाला ते शोधायचे, कोणामुळे ते नाही. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या बैठकीत उपकेंद्राच्या एएनएमला उभे करून जाब विचारला की ते तत्त्व फाइलीतच राहते. तरी ते फाइलीत आहे, म्हणजे मागता येते.

परदेशांत याच्याही पुढे जाऊन सहकाऱ्यांचीच पथके उभी राहिली. स्कॉट यांच्या मिसुरीत २००९ पासून आणि वू यांच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २०११ पासून प्रशिक्षित परिचारिका, डॉक्टर आणि इतर कर्मचारी अशा प्रसंगातल्या सहकाऱ्याला भेटतात, बोलणे गोपनीय राहते. ते चौकशी करत नाहीत आणि चौकशीत सांगतही नाहीत. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात त्यासाठी नवे पद किंवा इमारत लागणार नाही. सात तालुक्यांत निवृत्त परिसेविका आणि अधिसेविका आहेत. वॉर्ड त्यांना ठाऊक आहे, आणि आता त्या कुणाचा गोपनीय अहवाल लिहीत नाहीत. कंत्राटी परिचारिकांनाही त्यांच्याकडे जाता यायला हवे, सेवा संपल्यानंतरसुद्धा. आदेशात मात्र एक वाक्य लागेल: अशा भेटीत काय बोलणे झाले, हे विचारण्याचा अधिकार शल्यचिकित्सकांना नाही, आणि चौकशी समितीलाही नाही.